प्रश्नांसाठी ठेवलेली जागा

दादा नांदेडला राहतो, मी लातूरला. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं आणि तो बोलेनासा झाला. म्हणजे बोलताच येत नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी छोटा व्हॉल्व्ह बसवला होता. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर बोट दाबलं की तोंडातून आवाज निघतो, सरावाने सुधारतो. पण तो पहिला घोगरा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला आणि दादाने बोट लावायचंच सोडलं. कॉलेजात माइकशिवाय शिकवणारा माणूस! असेच गप्प राहिलात तर पुढे अवघड होईल, असं डॉक्टर बजावत होते.

"भाजीत मीठ कमी हाय, ते पण फोनवर टाईप करून राहिले," वहिनी मला सांगायची. "मी सैपाक करू का फोन बघू?"

मला त्याचा भयंकर राग यायचा. खोटं कशाला सांगू, रडूही यायचं.

दादाचा जीव एका परदेशी रॉक गायकावर. तरुणपणी त्याचा फोटो भिंतीवर होता आणि आई त्याला 'झिपऱ्या वाढवलेलं ध्यान' म्हणायची. त्या ध्यानाची एक जुनी विनाईल रेकॉर्ड मला इंटरनेटवर दिसली. डोळे झाकून मागवली, आली तशी पिशवीत घातली आणि नांदेडची एसटी धरली.

दादाने ती त्याच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली आणि सुई ठेवली. गाणं नाहीच! गायक इंग्रजीत चार वाक्यं बोलला आणि गप्प झाला. पुन्हा बोलला, पुन्हा गप्प.

"फसवलं मेल्यांनी!" मी ओरडले.

दादाने फोनवर टाईप केलं, 'ही मुलाखत आहे. अशा रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवायचे. उत्तरं भरलेली, प्रश्नांची जागा रिकामी. तिथल्या निवेदकाने कागदावरचे प्रश्न त्या जागेत विचारायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, एवढा मोठा माणूस आपल्याच गावात आलाय.'

कागद काही सोबत आला नव्हता. अख्खी बाजू ऐकून झाल्यावर दादाने ती पुन्हा लावली, तेव्हा मीच सुरू झाले.

"काय रे, जेवलास का?"

"माझ्या आईला ते कधीच आवडलं नाही," गायक म्हणाला. दादाचे खांदे हसून गदगदायला लागले.

पुढच्या रिकाम्या जागेसाठी मी प्रश्न शोधत होते, तेवढ्यात दादाचं बोट गळ्याकडे गेलं.

"स्टेजवर जायची..."

वाक्य पुरं व्हायच्या आत गायक बोलायला लागला. दादाने सुई मागे घेतली. पुन्हा तेच. पुन्हा सुई मागे. मी हलायलाही घाबरत होते. गायक मात्र दर वेळी तेवढाच थांबत होता, ना कंटाळत होता, ना कीव करत होता. दादाने प्रश्न छोटा केला, श्वास घेतला.

"भीती वाटते का?"

"रोज," गायक त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "पण स्टेजवर गेल्याशिवाय ती जात नाही."

रेकॉर्ड आहे, मला कळतं. तरीही साऱ्या जगाने ऐकलेल्या त्या माणसाने नांदेडच्या बैठकीत माझ्या भावाला उत्तर दिलं होतं, आणि ते मी बघितलं होतं.

इतक्यात वहिनी पदर सावरत, पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने बाहेर आली.

"कोण पाहुणे आलेत, ताई? सांगायचं न्हाई का, चहा टाकला असता." तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग दाराकडे.

दादाने गळ्यावर बोट दाबलं.

"मीच हाय," तो म्हणाला.