तक्त्यातली शेवटची ओळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या पेपरात एक तक्ता येतो. देशातल्या महिला टेनिसपटू, वर्षाच्या सुरुवातीला जागतिक क्रमवारीत कितव्या होत्या, आता कितव्या आहेत, आणि वर्षभरात किती कमावलं. वर चढलेलीला हिरवा बाण, घसरलेलीला लाल. हा तक्ता वर्षानुवर्षं मीच करते, कारण आमच्या क्रीडा विभागात क्रिकेटमधून डोकं वर काढायला कोणाला फुरसत नसते. "टेनिस ताईंचं," असं कोणीतरी एकदा म्हणालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तक्ता पाच ओळींचा. सहावीपासून पुढच्या पोरी जगल्या काय, मेल्या काय, कोणी विचारत नाही.

चार वर्षांपूर्वी, तक्ता छापून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक गृहस्थ आमच्या दादरच्या ऑफिसात आले. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात घडी घातलेला आमचाच पेपर. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी एका खेळाडूचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात आमचा चेडू नाय."

मी वैतागलेली होते. म्हटलं, "पहिल्या पाचच घेतो आम्ही."

"मग सहावी ओळ टाकायला काय झालं होतं?"

"सहावी नाही काका, तुमची मुलगी अकरावी आहे."

मला वाटलं, आता हे भांडणार. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "अकरावी? आख्ख्या देशात?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग खुर्चीवर बसले आणि माझ्यासाठी आलेला चहा त्यांनी प्यायला.

एका जिमखान्याची कोर्टं राखण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. मेंबर यायच्या आधी, सकाळी तासभर, मुलगी त्याच कोर्टावर खेळायला शिकली. पुढे ती इतकी पुढे गेली की बापाला धास्ती वाटायला लागली. ह्या खेळात मेंबरांच्या पोरी टिकतात, रेघा मारणाऱ्याच्या नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. स्पोर्ट्स कोट्यातली एक नोकरी चालून आली, ती तिने नाकारली, आणि हे म्हणाले, खेळ सोड नाहीतर घर सोड. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलगी त्यांचीच; तिने घर सोडलं. पुण्याला तिच्या कोचकडे राहायला गेली. बायको आधीच वारलेली, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी उरलं नव्हतं.

हे सगळं त्यांनी एका दिवसात सांगितलं नाही. नवी क्रमवारी सोमवारी लागते. त्या दिवशी दुपारी चार वाजता ते माझ्या टेबलावरच्या फोनवर फोन करायचे. "मॅडम, ह्या आठवड्याला काय?" मी आकडा सांगायची. सहाशे ऐंशी. सहाशे एकसष्ट. एकदा सहाशे बारा झाली, तेव्हा त्यांनी तो आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. लालबागच्या त्यांच्या चाळीत कुठल्याही पोराने हे मोबाइलवर काढून दिलं असतं. पण मग मुलीशी बोलत नाही आणि चोरून तिचा नंबर बघतो, असं चारी मजल्यांवर झालं असतं. कमाईचं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते? त्या पातळीवर विमानाचं भाडं निघालं तरी पोरी खूश असतात.

मी गिरगावात एका खोलीत राहते. आई गेल्यापासून एकटी. भाऊ ठाण्याला आहे, तो दिवाळीत येतो आणि तासाभरात घड्याळ बघतो. माझ्या मोबाइलवर फोन येतात ते कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचे; त्यांच्यावर मी ओरडते, आणि मग वाटतं, थोडं बोलायला हवं होतं. सोमवारी चारचा फोन आला की आमच्याकडची मुलं हसायची. "ताई, तुमचे काका." हसू देत. मी साडेतीनलाच चहा पिऊन, आकडा कागदावर लिहून बसलेली असायची. कधी ते विचारायचे, "आवाज बसलाय तुमचा, सर्दी काय?" तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

त्या अकराव्या मुलीला मी पुढच्या तिन्ही वर्षी तक्त्यात घातलं. सहावी ओळ, बारीक अक्षरात, "लक्षवेधी" अशी खूण करून. संपादक करवादले, मी त्यांच्या दुप्पट करवादले. ओळ राहिली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला शंका आली. नव्या वर्षाच्या कमाईच्या रकान्यात तिच्या नावापुढे शून्य होतं. एप्रिलमध्येही शून्य. मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं तरी काही ना काही हातावर पडतं. शून्य म्हणजे पोरीने कोर्टावर पाऊलच ठेवलं नव्हतं. तरी नाव यादीत होतं, कारण मिळवलेले गुण वर्षभर टिकतात. ते आठवड्या-आठवड्याने गळत जातात, आणि खेळणं सोडलेली पोर यादीत नुसती खाली खाली सरकत राहते.

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आकडा सातशेच्या पलीकडे घसरला तेव्हा मी म्हटलं, "साडेसहाशेच्या आसपास आहे." पुढच्या सोमवारी तेच. नंतर आठशे, नऊशे झाली आणि मी साडेसहाशेवरच बसून होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला भीती वाटत होती. यादीत नावच नसेल तर ते फोन कशाला करतील?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. डिसेंबर आला, मी तक्ता करायला घेतला, आणि त्या सोमवारच्या यादीत तिचं नाव नव्हतं. फोनवर खोटं बोलता येतं, छापून नाही. पेपर ते विकत घेणारच होते.

चार वाजता फोन वाजला. "मॅडम, ह्या आठवड्याला काय?"

मी म्हटलं, "काका, नाव नाही आज. ती वर्षभर खेळलेलीच नाही. मला मार्चपासून माहीत होतं."

मग ते म्हणाले, "पण तुम्ही तर साडेसहाशे सांगत होतात."

"हो."

"मला वाटलं नंबर हाय, म्हंजे खेळतेय, म्हंजे बरी हाय. म्हणून मी गेलो नाय, मॅडम." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "नायतर मी कधीच गेलो असतो."

आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्षभर ती पोर परक्या गावात खेळ सुटलेली, घरी यायला तोंड नसलेली; इकडे बाप माझ्या साडेसहाशेवर विसंबून; आणि मधे मी, फोनसाठी हपापलेली. तक्ता पाचच ओळींचा छापला.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जानेवारी गेला. मी साडेतीनला चहा घ्यायची आणि फोनकडे बघत बसायची. शेवटी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, चार वाजून गेल्यावर, मीच फोन लावला. माफी मागायची असं ठरवलं होतं.

एका मुलीने उचलला. "हॅलो?"

तिचा प्रत्येक आकडा मला पाठ होता. आवाज पहिल्यांदा ऐकत होते. बापासारखाच, शेवटाला खाली उतरणारा.

"काका आहेत का?"

"बाबा मोबाइल घरी ठेवून जिमखान्यावर गेलेत, रेघा मारायला. संध्याकाळी मी तिकडे लहान मुलांना शिकवते ना, बाबांना दुसऱ्या कोणाच्या रेघा पटत नाहीत." ती हसली. मागे कुकरची शिट्टी झाली. "कोण बोलतंय? कोणाचा फोन होता म्हणून सांगू?"

माझं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चार वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "काही नाही गं, सहज केला होता," आणि फोन ठेवला.