घरच्या पिस्तुलाला गज कशाला?

जुनी पिस्तुलं एका घरात जमली की किस्सेही जमतात. आमच्या वाशीमच्या बैठकीत दोन्ही भरपूर! आमच्या यांना पलटणींच्या जुन्या पिस्तुलांचा नाद. जोडीला रिसोडचे अत्तरवाले हसनचाचा आणि किन्हीराजाचे गुलाबराव. चहा नेताना मी दारातच थबकायची. नळीचं तोंड कुणाकडे आहे, ते आधी पाहायचं!

*

नवं पिस्तूल आलं की गुलाबराव आधी नळीत लोखंडी गज सोडत, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहत. बुडापर्यंत पोचला तर नळी रिकामी. अलीकडेच अडला तर आत बार भरलेला.

चाचा चिडवायचे, "भाकरीतबी गज घालून पाहत असान तुमी!"

"भाकर उडत नाही, चाचा!"

*

एकदा मानोऱ्याचा एक जण गंजलेलं पिस्तूल विकायला आला. म्हणे, आजाच्या आजाचं!

चाचांनी नुसती मूठ पाहिली. "शिपायाचा हात इथं घासते. इथंबी नळीएवढाच गंज? शिपाई काय पायानं धरत होता?"

विकायला आलेल्याने संतापून तेच पिस्तूल चाचांवर रोखलं. माझ्या हातातला कप निसटला.

गुलाबराव म्हणाले, "रोखू द्या. गज घालून पाह्यला मी."

*

चाचांची सुपारी मात्र यांच्या आजोबांच्या पिस्तुलाने फुटायची. नळी हातात, तोंड स्वतःच्या छातीकडे आणि मुठीच्या पितळी बुडाचा ठोका!

मी अडकित्ता पुढे केला की म्हणत, "राहू द्या भाभी, यानं चव येते!"

*

मग हुकूम आला. उडू शकतील ती जुनी पिस्तुलं सरकारजमा. आजोबांची तेवढी एकच वस्तू यांच्याजवळ उरली होती. फौजदार दारात आले, तेव्हा यांनी ते पिस्तूल पुढे केलं.

"साहेब, हे मुकं हाय. पोरं खेळली यानं."

"रिकामं आहे कशावरून?"

यांनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबराव चाचरले, "याले गज नाही घातला कधी. घरच्याले कायले घालाव?"

"आता घाला."

गज आत गेला आणि अडला. गुलाबरावांनी तो बाहेरून नळीला लावला. चार बोटं कमी!

फौजदारांनी ते पिस्तूल ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि नळी आभाळाकडे धरून नेलं. हे फाटकापर्यंत मागे गेले आणि तिथंच उभे राहिले.

बैठकीत चाचा तळहातावरच्या सुपारीकडे बघत होते. मला पाहून म्हणाले,

"भाभी, अडकित्ता हाय का घरात?"