मागच्या चाकावरची रेघ

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. यंदा भोगीच्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, मुंबईच्या एका प्रदर्शनात नव्या गाडीवरचा पडदा ओढला गेला आणि शेजारच्या काचेच्या पाटीवर गाडी घडवणाऱ्यांची नावं उजळली. कागदावर आकार काढणाऱ्यांची होती, संगणकावर तो बसवणाऱ्यांची होती, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा होतं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सहकार्य : पेणचे स्थानिक कारागीर’. पेणचं त्या कामावर एकच माणूस होतं. आत्या.

मी रोह्याची. पत्रकं लिहिते. नदीच्या पाण्यावर लिहिली आहेत, कंपनीतल्या कंत्राटी कामगारांच्या डबल शिफ्टवर लिहिली आहेत. कोणाचं काय गेलं आणि कधी गेलं ते पहिल्याच ओळीत सांगायचं, ही पत्रकाची सवय. ती इथेही सुटली नाही. पण पत्रकात कौतुकाला जागा नसते आणि मला त्या गाडीचं मनापासून कौतुक करायचं आहे. म्हणून हे लांबलं.

आत्या पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करते. ज्या मूर्तीवरून साचा काढतात ती पहिली मूर्ती शाडूत घडवायची, हे तिचं काम. गेल्या वर्षी विसर्जनानंतर कारखाना थंड असताना पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओतला तरुण तिथे आला आणि बराच वेळ तिच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

“काय रे बाबा, गणपती बघायला आलास की मला?” आत्याने विचारलंच.

“तुमचा हात बघतोय, मावशी. मातीची गाडी कराल?”

“कसली? खेळण्यातली?”

“खऱ्याएवढी. आत माणूस बसेल एवढी.”

आत्या हसली. तो हसला नाही. त्याने समजावून सांगितलं की गाडी पत्र्यात उतरायच्या आधी खऱ्या मापाची मातीत करतात, कारण संगणकाच्या पडद्यावर सुंदर दिसलेला आकार उन्हात कसा दिसेल ते मातीच सांगते. ही गाडी तर विकायचीही नव्हती. उद्याच्या गाड्या कशा असाव्यात ते दाखवायला केलेला एकच नमुना. तीन महिन्यांचं काम होतं, आणि हात चालतो हे सिद्ध झालं तर पुढे कुठल्याही गाडीच्या कंपनीत मॉडेलर म्हणून, म्हणजे असे मातीचे नमुने घडवायला, कायमची नोकरी मिळू शकते, असं तो म्हणाला. आत्या शेचाळीस वर्षांची. आयुष्यभर हंगामावर जगलेली. बारा महिन्यांचं काम हे शब्द तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

“तिथलं बोलणं मला नाय समजायचं. आठ दिवस तू चल गो,” ती म्हणाली. मी गेले. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीने गेले होते. श्रीमंतांची खेळणी, त्यावर एक झणझणीत पत्रक, एवढं डोक्यात होतं. स्टुडिओच्या फाटकावर पहारेकऱ्याने आमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्ट्या लावल्या, तेव्हा तर मला वाटलं, हे बघा, चोरांना चोरीची भीती.

मग मी आतलं कपाट बघितलं.

त्यात कानाच्या यंत्राचे नमुने मांडले होते, ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचे. एका यंत्राला तब्बल तीस वेगवेगळी झाकणं करून बघितली होती, कारण जाड, सुजलेल्या बोटांना बॅटरीचं झाकण उघडता येत नव्हतं. शेवटचं झाकण मी डोळे मिटून उघडलं. नख लागलं नाही. शेजारी मिक्सरचं बटण होतं, ओल्या हाताने फिरवलं तरी निसटत नव्हतं आणि बंद झालं की बोटाला कळायचं, बघायला नको. एवढ्याशा बटणामागे कोणी तरी महिनोन् महिने स्वयंपाकघरातल्या बायकांचे हात बघत बसलं होतं. आमच्या रोह्यात रेशनच्या रांगेतल्या बायकांकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी बघितलेलं मला आठवत नाही. माझं पत्रक तिथेच विरघळलं.

आणि गाडी! दालनाच्या मधोमध तपकिरी मातीची, बिनचाकांची असल्यासारखी जमिनीलगत बसलेली. दिव्यापासून मागपर्यंत एकच रेघ खांद्यावरून धावत गेलेली. शेजारी आतल्या भागाचा लाकडी सांगाडा, त्यात चालकाची वेगळी खुर्ची नाही, एकमेकांसमोर बसायचं. दार असं उघडायचं की डोक्यावर टोपली असलेल्या बाईलाही वाकावं लागू नये. हे मला त्या तरुणाने सांगितलं नाही, मी स्वतः डोक्यावर टोपली घेऊन करून बघितलं. असा विचार करणारी माणसं मला आवडतात, मग ती कोणाच्याही पगारावर असोत.

आत्याचा घोटाळा सहाव्या दिवशी झाला. ती माती आपल्यासारखी पाण्याची नसते. मेणकट असते, भट्टीत गरम करून लावायची आणि गार झाली की साबणासारखी तासायची. ती कधी सुकत नाही, तडकत नाही. आत्याला हे सांगितलं होतं. पण पेणमध्ये संध्याकाळी काम थांबवताना मूर्तीवर ओलं गोणपाट टाकायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. सगळे चहाला गेले आणि हिने बादलीभर पाण्यात पोती बुडवून गाडी मागून पुढपर्यंत झाकून टाकली. सकाळी आलो तर मॉडेलरांचा प्रमुख कमरेवर हात ठेवून उभा.

“मावशी, गाडीला ताप आला होता का?”

सगळे हसले. आत्या लाल झाली. पोती काढली तर मेणकट मातीवर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं उभं. ते खांद्यावरून घरंगळत खाली गेलं. पण मागच्या चाकाच्या वर थेंब एका ओळीत थांबले आणि तिथेच राहिले.

आत्या पुसायचं सोडून तिथे वाकली. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला होते, आणि मिठागराच्या मुलीला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाणी थांबलं म्हणजे तिथे जमीन बसली आहे.

“हितं खळगा हाय,” ती म्हणाली.

“मशीनने मोजलंय, मावशी. माप बरोबर आहे.”

“माप बरोबर असंल. खळगा हाय.”

प्रमुखाने मातीवर चंदेरी पातळ कागद ताणून बसवला आणि वरचे लांब दिवे लावले. उजेडाची रेघ पुढून सरळ धावत आली आणि मागच्या चाकावर येऊन किंचित मुरडली. मग त्याने आपल्या हातातली तासायची पोलादी पट्टी आत्याला दिली. हे मी विसरणार नाही. इतका मोठा माणूस, पण चूक मान्य करायला त्याला क्षणभरही जड गेलं नाही. पुढचे चार दिवस तो भाग आत्याने एकटीने केला, अर्धा वेळ डोळे मिटून, तळहात फिरवत. मी दोन दिवस जास्त थांबले, केवळ ते बघायला. शेवटी दिवे लावले तेव्हा रेघ अशी धावली की मध्ये गाडी आहे हेच विसरायला झालं.

प्रदर्शनात लोक त्याच रेघेपाशी थांबत होते. आणि पाटीवर ‘स्थानिक कारागीर’.

नोकरीचं काय झालं ते ऐका. तो तरुण परदेशी गेला. प्रमुखाने शब्द टाकला म्हणून एका गाडीच्या कंपनीने आत्याला बोलावलं, पण तोंडी शब्द पुरेना, नियमावर बोट ठेवून त्यांनी तिने केलेल्या कामाचा पुरावा मागितला. फोटो कुठून आणणार? कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती. उरली फक्त पाटी. मी स्टुडिओला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, बाहेरून आलेल्या कारागिरांची नावं देण्याची पद्धत नाही. कंपनीने दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली आहे. आत्या पुन्हा पेणच्या शेडमध्ये आहे.

मी तिच्यासमोर तावातावाने बोलत होते, तेव्हा कारखान्याचे मालक म्हणाले, “इथं तरी मूर्तीवर कोण नाव घालतं?”

आत्याने हातातली कोरणी खाली ठेवली. “मूर्ती देव हाय, शेट. पाण्यात जाते. गाडी कुठं पाण्यात सोडताय?”

मी म्हटलं, तुझं नाव मीच छापते, मोठ्या अक्षरांत. ती म्हणाली, “नको. तुझ्या कागदावर नाव घेऊन कंपनीत काय दाखवू? त्यांच्या पाटीवर पायजे.” म्हणून इथे तिचं नाव नाही.

ती गाडी आता शहराशहरांत फिरते आहे. जा, बघा, डोळे भरून बघा. ती त्या लायकीची आहे. बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही असते. तिच्यात सुंदर, अप्रतिम असलं काही लिहू नका. लिहा : मागच्या चाकावरची रेघ जिने काढली तिचं नाव पाटीवर घाला. खाली आपली सही करा. दिवाळीच्या आत करा.