बिनमुंडक्याचा नेव्हिल

बटाट्याचं पोतं परत मागायला म्हणून मी अ‍ॅव्हिसच्या वर्कशॉपात गेले आणि पाहते तो समोर तिचा नवरा नेव्हिल बसलेला. तिच्या त्या अर्धवट गाडीच्या सांगाड्यात, मोटरसायकलीवरचा त्याचा काळा लेदरचा सूट घालून, दोन्ही पाय सरळ पसरून. फक्त त्याला मुंडकं नव्हतं.

मी किंचाळले. साठी उलटलेली बाई जेवढी किंचाळू शकते तेवढी.

"ओरडू नकोस गं, ऱ्होडा," गाडीखालून अ‍ॅव्हिसचा आवाज आला. "नेव्हिल आहे."

"ते दिसतंय मला. मुंडकं कुठंय त्याचं?"

"मुंडकं लागत नाही. मापं घ्यायला वजन आणि पाय तेवढे हवेत."

जवळ जाऊन बघितलं तर सुटाच्या पोटात माझे बटाटे, हातांत चिंध्या आणि डाव्या पायात झाडूचा दांडा. तो पाय वाकू नये म्हणून वर दोरी आवळलेली. दांडा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर सगळा गाव जे बोलत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या तळलेल्या मासा-चिप्सच्या दुकानात उभं राहून बोलत होता, ते साफ चुकीचं होतं.

गाव काय बोलत होता ते सांगण्याआधी ही बाई कोण ते सांगते. इंग्लंडात, होल्बीचच्या पलीकडे आमचं गाव. जमीन पाटासारखी सपाट, तीत कोबी आणि बटाटे. गावाबाहेर लढाईच्या वेळचा जुना विमानतळ आहे. त्याच्या एका हँगरमध्ये अ‍ॅव्हिसचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, त्यांच्यामागे अ‍ॅव्हिस करते. अंगानं किरकोळ, उंची बेताची, पण बटाटे वेचायचं अख्खं यंत्र उलगडून दुपारच्या चहापर्यंत पुन्हा उभं करील. तरुणपणी एकदा नेव्हिलची मोटरसायकल हँगरसमोर बंद पडली. "मला आधी इंजिन आवडलं," अ‍ॅव्हिस सांगते, "मालक त्याच्याबरोबर फुकट आला."

मालक म्हणजे सहा फुटांचा, घरांवर कौलं घालणारा गडी. हयातभर उंच छपरांवर चढला, हयातभर मोटरसायकली पळवल्या, पण कुठं खरचटलं म्हणून नाही. आणि एका जानेवारीत सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेला, बर्फावरून घसरला आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी दोनदा कापलं आणि शेवटी तो पाय सरळच्या सरळ जोडून टाकला. आता तो कधीच वाकणार नव्हता.

मोटरसायकलीचा गिअर डाव्या पायानं पडतो, म्हणजे ती गेली. ऑटोमॅटिक मोटार आणून बघितली, पण न वाकणारा पाय डॅशबोर्डखाली जाईना. मग तीनचाकी आणली, तीही जमेना. तिसऱ्यांदा एका खास बनवलेल्या गाडीसाठी त्याची मापं घेतली, तो आशेनं गेला आणि तसाच परत आला. त्या दिवशी तो जेवला नाही. अ‍ॅव्हिसला एवढंच म्हणाला, "पुन्हा मला कशात बसवून बघू नकोस."

आणि खिडकीत बसला. आधी आधी रस्त्यावरून मोटरसायकल गेली की आवाजावरून तिचं नाव सांगायचा. मग तेही बंद केलं. मी कधी मासा आणि चिप्स घेऊन गेले तर "छान झालंय" म्हणायचा आणि अर्धं तसंच ठेवायचा. माझ्या दुकानातलं कुणी अर्धं ठेवलं की मला कळतं, माणसाचं काही खरं नाही.

अशात एका मे महिन्यात अ‍ॅव्हिस कुठल्याशा प्रदर्शनाला गेली आणि परत येऊन म्हणाली, "मी एक गाडी बांधणार आहे." ही गाडी म्हणजे सुटे भाग खोक्यांत येतात, आपण घरी जोडायचे. नळ्यांचा सांगाडा, वर पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे, ना दारं ना छप्पर. जमिनीपासून इतकी खाली की रस्त्यावर हात टेकेल. वजनाला अगदी हलकी, आणि तिच्यात घालायचं दांडगं इंजिन. असल्या गाड्या बांधणारे आमच्याकडे रिकामटेकडे पुरुष असतात, शनिवारी शेडमध्ये जातात आणि चहाला हाक मारली तरी येत नाहीत. नवरा खिडकीत लंगडा बसलाय आणि बायको शर्यतीची गाडी बांधतेय म्हटल्यावर लोक बोलणारच. "हौस बघा बाईची," म्हणाले. मीही चिप्सवर व्हिनेगर शिंपडता शिंपडता मान डोलावली.

नेव्हिलनं तिला अडवलं नाही. "कर तुझी मजा," म्हणाला. पण त्याच्या मनाला ते लागलं होतं. ते तिलाही दिसत होतं, आणि तरी ती गाडी बांधतच राहिली.

मग इंजिनाची वेळ आली. नेव्हिलची शेवटची मोटरसायकल, तेराशे सीसीची जपानी, हँगरच्या कोपऱ्यात घोंगडीखाली उभी होती. मी त्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. अ‍ॅव्हिसनं चहा ओतला आणि सरळ म्हणाली, "नेव्ह, मला तुझं इंजिन हवंय."

त्यानं कप हातात उचलला. मला वाटलं, आता कप भिंतीवर जातो.

"घे," तो शेवटी म्हणाला. "तिथं गंजून जायचंच ते. पण सोडवणार मी. तुझ्या ट्रॅक्टरच्या पान्यांनी हात लावायचा नाही त्याला."

आणि अपघातानंतर पहिल्यांदा तो हँगरमध्ये गेला. स्टुलावर बसून, डावा पाय तोफेसारखा समोर ठेवून त्यानं एकेक नट सोडवला. दोघांची अखंड टकळी चालू होती. "तो पाना नाही गं, त्याच्या शेजारचा." "शेजारचा म्हणजे कुठला, देवाच्या शेजारचा?" मी चिप्स घेऊन गेले तर त्यानं पुडकं रिकामं केलं. इंजिन गाडीत बसलं. मोटरसायकलीच्या इंजिनाला मागं जायचा गिअर नसतो म्हणून अ‍ॅव्हिसनं बटाटे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्याची एक छोटी मोटर रिव्हर्सला लावली. ती सुरू केली की गाडी गोदामातल्या पट्ट्यासारखी घरघरत मागं सरकते.

मग नेव्हिलला एक गोष्ट दिसली. "गिअरच्या दांड्यावर माझा क्लचचा लिव्हर कशाला बसवलायस?"

अ‍ॅव्हिस बूट पुढं करून म्हणाली, "पाय ठेवायची जागा फार अरुंद असते यात. माझ्या बुटांना तीन पायडल मावत नाहीत. क्लच हातानंच चालवणार."

"पाय मोठे आहेतच तुझे," तो म्हणाला, आणि ते त्यानं खरं मानलं. कारण असल्या गाड्यांत जागा अरुंद असते हे कुणीही सांगेल. लोक पातळ चपट्या बुटांत चालवतात त्या. इंजिन बसवून झाल्यावर तो पुन्हा खिडकीत जाऊन बसला. "मला काय बाजूला पार्सल म्हणून ठेवणार आहेस?" असं एकदा तिला म्हणाला तेवढंच.

आणि आता माझ्यासमोर हा बिनमुंडक्याचा, बटाट्यांच्या पोटाचा नेव्हिल बसला होता. उजवीकडे, स्टिअरिंगमागे, चालवणाऱ्याच्या जागेवर.

"त्या प्रदर्शनात मी एका गाडीत बसून बघितलं," अ‍ॅव्हिस हात पुसत म्हणाली. "ऱ्होडा, यात पाय वाकवावेच लागत नाहीत. निजल्यासारखं बसायचं आणि पाय सरळ समोर. क्लच हाताला दिला की डाव्या पायाला कामच उरत नाही. मी तिथंच बसून रडले. तो विकणारा घाबरला बिचारा."

"मग सांग की त्याला, मेले! वर्षभर तो तिकडे कुढतोय."

"आणि नाही झालं तर? सरकारी तपासणीत नापास झाली तर? चौथ्यांदा मी त्याला खिडकीत परत नेऊन बसवू?" तिनं हातातलं फडकं आपटलं. "आधी पास होऊ दे. तोवर तोंडातून शब्द काढशील तर बघ."

चिप्सचं दुकान चालवणाऱ्या बाईला गुपित सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. पण मी ते राखलं. गिऱ्हाईकं "बाईची हौस" म्हणायची तेव्हा मी त्यांना मुद्दाम गार चिप्स द्यायचे.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी तपासणी होते, तीत एक साहेब हातात एक गोळा घेऊन गाडीभर फिरवतात. तो गोळा जिथं टेकेल तिथं एकही कड धारदार चालत नाही. अ‍ॅव्हिसनं सगळ्या कडांना रबर लावलं होतं, प्रत्येक बोल्टाला प्लास्टिकची टोपी घातली होती. पण डॅशबोर्डखालच्या एका बोल्टाची टोपी वाटेत पडली, आणि गाडी नापास. घरी येताना ट्रकमध्ये ती एकच वाक्य बोलत होती: "एका बोल्टासाठी, ऱ्होडा. एका बोल्टासाठी." दुसऱ्या वेळी मी स्वतः बरोबर गेले आणि वाटेत तीनदा उतरून टोप्या बघितल्या. साहेब उंच होते, आत आरामात मावले. बाहेर येऊन म्हणाले, "बाई, गाडी उत्तम आहे. पण तुमचे पाय पायडलला पोचतात का?"

"नाही पोचत," अ‍ॅव्हिस हसत म्हणाली. "पोचायला नकोतच." साहेबांनी आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं आणि पास केली.

तपासणीपुरत्या घातलेल्या साध्या सीटा काढल्या, आता राहिली होती फक्त मापाची सीट. अशी सीट विकत आणत नाहीत, ओततात. दोन रसायनं एकत्र करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी सीटच्या जागी ठेवायची आणि माणसानं लगेच तिच्यावर बसायचं. फोम फुगतो, त्याच्या पाठीचा आकार घेतो आणि बघता बघता कडक होतो. एकदा ओतला की थांबवता येत नाही. अ‍ॅव्हिसनं सगळी भिस्त यावरच ठेवली होती.

रविवारी जेवणानंतर तिनं त्याला हाक मारली. "नेव्ह, फोम ओततेय. जरा ये, माणूस हवाय." तो कुरकुरत, काठी टेकत आला. तिनं डबा ढवळला, पिशवीत ओतला, पिशवीला गाठ मारून उजवीकडे ठेवली आणि म्हणाली, "बस."

तो डावीकडे वळला.

"तिकडे नाही."

त्यानं उजवीकडची पिशवी बघितली. मग त्याचा चेहरा लाल झाला. "अ‍ॅव्हिस, मी तुला सांगितलं होतं. पुन्हा मला कशात..."

"ओतलंय मी, नेव्ह. फुगायला लागलंय बघ."

"तू बस मग!"

"माझे पाय पोचत नाहीत."

पिशवी खरंच फुगत होती. तो हलेना. मला राहवलं नाही. "अरे बस ना रे रेड्या!" मी ओरडले. "एवढा महागाचा फोम वाया चाललाय!"

कशानं ते माहीत नाही, बहुतेक रेड्या म्हटल्यानं, पण त्यानं काठी फेकली. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे असते त्या लोखंडी कमानीला दोन्ही हातांनी धरलं. कौलं घालणाऱ्याचे हात ते. अंग उचलून अल्लद आत सोडलं. डावा पाय घसरत घसरत पुढं गेला, सरळ, आणि शेवटी टाच तिनं मापानं बसवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकली. कुठंही अडली नाही.

"हलू नकोस," अ‍ॅव्हिस म्हणाली.

तो हलला नाही. हलण्यासारखं त्याच्यात काही राहिलंच नव्हतं. थोड्या वेळानं त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि बोटांना लिव्हरचं वाकडं टोक सापडलं. स्केगनेसच्या समुद्रकिनारी मोटरसायकल उभी करताना पडली होती, तेव्हाचं ते.

"जागा अरुंद असते म्हणालीस," तो म्हणाला.

"असतेच की."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला असलं बघवत नाही.

फोम कडक झाल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, "माझा सूट आण." अ‍ॅव्हिसनं रंगाच्या डब्यांमागून तो काढला. जाकीट चढलं. विजार घालण्यासाठी त्यानं डावा पाय आत सरकवला तर तो खाली अडला. त्यानं विजार उलटी करून झटकली. आतून टपकन एक बटाटा पडला. सुरकुतलेला, आणि त्याला बोटभर लांब कोंब फुटलेले.

"हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले. "पोतंभर होते. एवढा एकच परत मिळतोय."

नेव्हिलनं बटाटा उचलला. आमच्याकडे लहान पोरसुद्धा कोंब बघून सांगेल तो किती दिवस पडून आहे ते. त्यानं सुटाकडे बघितलं, मग सीटकडे, मग कोपऱ्यात टेकवलेल्या झाडूच्या दांड्याकडे. दांड्याला अजून दोरी होती.

"हा थंडीतला आहे," तो हळू म्हणाला. "म्हणजे मी खिडकीत तुझ्यावर रुसून बसलो होतो, तेव्हा तू मला इथं बसवून ठेवलं होतंस?"

"तिथल्यापेक्षा इथला नेव्हिल कमी कटकट करायचा," अ‍ॅव्हिस म्हणाली. तिनं त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. त्यानं एका हातानं तिला धरलं. दुसऱ्या हातात बटाटा होता, तो त्यानं सोडला नाही.

मग तो स्टिअरिंगमागे उतरला आणि बटण दाबलं. ते इंजिन ओरडलं तेव्हा हँगरच्या छपरावरची कबुतरं उडाली. तो विमानांच्या जुन्या धावपट्टीवर गेला. ती आता शेजारच्या शेतकऱ्याची आहे, आणि त्यानं पूर्वीच परवानगी दिली होती. आम्ही दारात उभ्या राहिलो. अ‍ॅव्हिसनं डोळे मिटले होते.

"दुसरा गिअर टाकला," ती म्हणाली. आवाज दूर जात होता. "तिसरा. चौथा टाकतोय, टाक रे, टाक. टाकला!"

कोबीच्या शेतांपलीकडे त्याचा ठिपका झाला. मी कधीची रडत होते, पण त्याचं कुणाला काय.

परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं, म्हणाला. बटाट्यांची मोटर लावून घरघरत गाडी उलटी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि डावीकडच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघितलं. तिथं नुसता पत्रा होता.

"फोम उरलाय का?" त्यानं विचारलं.

"एका सीटपुरता आहे."

"मग ये, बस," नेव्हिल म्हणाला. "या वेळी मी ढवळतो. आणि हलू नकोस."