हसणारी मावशी

मावशी शिवणकाम करायची आणि हसायची, दोन्ही एकदम. हसणं असं की मशीनचा आवाज ऐकू येऊ नये. गिऱ्हाईकं म्हणायची, अहो, ड्रेस राहू द्या, तुम्ही नुसत्या हसा! भाचीवर तिचा भारी जीव. शिवलेल्या कपड्यांचे व्हिडिओ टाकायला तिला भाचीनंच शिकवलं.

आणि या बाईनं काय करावं? भाची नवा ड्रेस घालून बघत होती, मावशी व्हिडिओ काढत होती, आणि चेन अर्ध्यात अडकली. मावशी म्हणाली, "अगं, कापड दमलं बिचारं!" आणि खो खो हसली. नेमकं तेच टाकलं. पोरीला विचारलं? छे! घरच्या पोरीला काय विचारायचं!

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला आणि बाईसाहेबांच्या डोक्यात हवा गेली. लोकांनी तिचं हसू उचलून आपापल्या व्हिडिओंना जोडलं. कुणी पडलं, कुणी रडलं, की मागे आपली मावशी खो खो. मग खालची शेरेबाजी एका गिऱ्हाइकानं वाचून दाखवली. पोरीच्या जाडीवरून काय काय लिहिलं होतं मेल्यांनी! मावशीनं व्हिडिओ काढून टाकला. पण हसू कसं काढणार? ते आता लोकांच्या फोनमध्ये होतं.

भाचीनं कॉलेज सोडलं, धड जेवेना. एक दिवस कळलं की ज्यांना ती कुणाला हातही लावू द्यायची नाही, ते आपले रंग, ब्रश तिनं शेजारणीला देऊन टाकले. हातातलं काम टाकून मावशी भाचीकडे गेली, पलंगाशी बसली. वाटेत माफीचं बोलणं जुळवलं होतं, ते तिनं गिळलं.

"बाळा, जीव द्यावा असं मनात येतं का?"

भाचीनं भिंतीकडे तोंड केलं. "येतं. आईला तू सांग. मला नाही जमणार."

मावशीनं बहिणीला सगळं सांगितलं, आधी स्वतःची चूक. तिघी तशाच उठून डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ ऐकून घेतलं. मग भाचीला विचारलं, "पुन्हा असं मनात आलं, तर लगेच कुणाला सांगशील?"

"मावशीला. तिनं विचारलं म्हणून."

बहिणीनं झटकन वळून पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मावशीला झालं.

"तुमचा नंबर सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीला स्वतःचा नंबर काही केल्या आठवेना. तो भाचीनं सांगितला.