कोरडे ब्रश

आमची थोरली आत्या बालगृहांची तपासनीस होती. नेमणूक सरकारची, पण बालगृहं चालवणाऱ्या खात्याच्या हाताखाली ती नव्हती, म्हणून त्या खात्याच्या डोळ्यांत सलायची. कुठेही गेली की चहा नाकारून थेट न्हाणीघर गाठायची आणि मुलांच्या दातांच्या ब्रशांवरून अंगठा फिरवायची. "रजिस्टर खोटं बोलतं, ब्रश बोलत नाही," म्हणायची. सकाळी सकाळी ब्रश कोरडे ठणठणीत निघाले, की बाकीचाही सगळा देखावाच असणार. ते ब्रश आणि मुलांच्या दंडांवरचे वळ, दोन्ही ती अहवालात रोखठोक लिहायची.

निवृत्तीच्या वर्षी एका बालगृहात चाळीसच्या चाळीस ब्रश ओले निघाले. आत्या हरखली. तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, मीच भिजवले. आम्ही बोटानेच घासतो. ब्रश घेतला की मार मिळतो."

आत्याने अधीक्षकाला धारेवर धरलं. त्या कोडग्याला लाज नव्हतीच. "तुमच्याच अहवालावरून निघालंय, मॅडम," म्हणत त्याने खात्याचं परिपत्रक पुढे केलं. पहिलं कलम होतं, तपासणीवेळी ब्रश कोरडे आढळू नयेत.

मग तिने दुसरं कलम वाचलं: मुलांना बारमाही पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

बाहेर रणरणतं ऊन होतं. आत्याने वाकून त्या चिमुरडीची बाही वर सारली.