मीटरकाकांची बिनपाण्याची बाग

माझ्या काकांनी तीस वर्षं लोकांच्या पाण्याची मीटरं वाचली. माणूस कसा आहे हे ते अजूनही त्याच्या नळावरून ठरवतात. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी घरचंच मीटर दिवसातून चारदा वाचलं. मग त्यांच्या डोक्यात बाग शिरली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जरा घाईच केली.

बागेआधी नकाशा आला. परसातला कोपरा न् कोपरा टेपने मोजून झाला, कुठे किती वाजता ऊन पोचतं तेही पेन्सिलीने लिहून झालं. झाडं इथल्याच मातीतली, तहानेचं कौतुक नसलेली : तरवड, कोरांटी, निरगुडी. एकदा रुजली की पाणी बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

नकाशात जागा नव्हती ती फक्त काकूंच्या मोगऱ्याला. काकूंच्या आईने तो लावून दिला होता, आणि आई आता नव्हती. पण त्याला रोज एक बादली लागायची. उन्हाळा संपेपर्यंत बादली मिळेल, मग तो शेजारणीकडे जाईल, असं काकांनी जाहीर केलं. काकू फक्त "बरं" म्हणाल्या. काकूंचं "बरं" कधीच साधं नसतं, पण ते मीटरवर उमटत नाही.

झाडं छान रुजली, पाणी बंद झालं आणि तरवड पिवळा पडला. कोरांटीची मुळं कुजली. काकांनी मातीला दोष दिला, वाऱ्याला दिला, एकदा मलाही दिला. मीटर मात्र चोख होतं, दिवसाला एकच बादली जास्त. मोगराही वाळत चालला होता. बादलीभर पिऊन वाळतो म्हणजे कृतघ्नच, असं काकांचं मत पडलं.

एका सकाळी मी मागच्या पायरीवर दात घासत होते. काका ऊन मोजायला बाहेर आले, तर काकू बादलीतलं पाणी तांब्याने तरवडाला घालत होत्या.

"अगं, ही मोगऱ्याची बादली ना?"

"हो. तुमची झाडं तहानेने मरतायत, बघवत नाही."

"आणि मोगरा?"

काकू कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "मोगरा गेला तर मी चार दिवस रडेन. तुमची बाग गेली तर तुम्ही दिवसभर काय करणार?"

माझ्या तोंडात फेस आणि डोळ्यांत पाणी, असलं ध्यान मी आयुष्यात दुसऱ्यांदा दिसले नसेन. काकांनी बादली घेतली आणि उरलेलं पाणी मोगऱ्याच्या आळ्यात ओतलं. मग, तरवड तहानेने नाही, लाडाने मरतो, यावर अर्धा तास व्याख्यान झोडलं. काकूंनी ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

दुपारी नकाशा पुन्हा टेबलावर आला. आता त्यात मोगऱ्याभोवती एक गोल आहे. आत लाल शाईत, मीटरच्या झाकणावर असतं तसंच लिहिलंय, 'हात लावू नये'. खाली काकांची सही आहे.